गाडी चोरीची होती, पण मुलगा आमचा होता

या वेळच्या टपालात एकाच प्रकारच्या घटनेबद्दलची पत्रं जास्त होती. कुणीतरी दुसऱ्याची मोटारसायकल न विचारता नेली, अपघात झाला आणि माणूस गेला. लिहिणारे मात्र वेगवेगळ्या बाजूंचे आहेत: मागे बसलेला मित्र, गाडीचा मालक, गेलेल्या मुलाची आई, मृत पादचाऱ्याची मुलगी. मोटार अपघात दाव्यांचं काम करणारे वकील आणि शोकग्रस्त कुटुंबांसोबत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. ओळख पटेल असा तपशील पत्रांतून काढला आहे.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे. हंगामात एका रात्री मंगल कार्यालयाबाहेर लावलेली मोटारसायकल मी आणि माझ्या मित्राने ‘एक राउंड मारून परत लावू’ म्हणून काढली. कल्पना माझी. तो चालवत होता, मी मागे. परत येताना पुढे उसाची ट्रॉली होती. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, दिसलीच नाही. तो जागेवर गेला, माझा पाय मोडला. घरचे म्हणतात, सगळं त्याच्यावर ढकल, तो काय आता उठून येणार आहे? त्याची आई निरोप पाठवते की शेवटी काय झालं ते येऊन सांग. मीच त्याला मारलं का?

उत्तर: आधी कायद्याचं बघू, कारण ती भीती डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही सुचणार नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) गाडी चालवणाऱ्यावर लागतो, मागे बसलेल्यावर सहसा नाही. चालवणारा हयात नसेल तर त्याच्यापुरता खटला तिथेच संपतो. तुझ्याकडे उरतं ते गाडी नेल्याचं. चोरीचं कलम ३०३, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. दोघांनी ठरवून केलं म्हणून जोडीला कलम ३ (५). ‘परत लावणार होतो’ एवढ्याने चोरी पुसली जात नाही. थोड्या वेळापुरती नेलेली वस्तूही चोरीत धरली जाऊ शकते. पण मोटार वाहन कायद्यात संमतीविना गाडी नेण्याचं वेगळं, सौम्य कलम आहे, १९७: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. प्रकरण कुठल्या कलमात बसतं ते बारीक गोष्टींवर ठरतं. हँडल लॉक तोडलं होतं का? नंबरप्लेटला हात लावला होता का? धडक झाली तेव्हा गाडीचं तोंड मंगल कार्यालयाकडे होतं का? ही शेवटची गोष्ट घटनास्थळ पंचनाम्याच्या नकाशात दिसते. त्या नकाशाची नक्कल वकिलाने पहिल्याच आठवड्यात काढून घ्यावी.

तुझं वयही महत्त्वाचं आहे. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) कायद्याचं कलम ६ सांगतं की २१ वर्षांखालच्या दोषीला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. दोषी ठरतानाचं वय धरतात, म्हणून तुझ्या बाजूने विनाकारण तारखा घेणं तुझ्याच अंगाशी येईल.

आता घरच्यांच्या सल्ल्याबद्दल. गप्प राहण्याचा हक्क तुला संविधानाच्या कलम २० (३) ने दिला आहे. पोलिसांसमोर स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुझ्यावर नाही. खोटं बोलणं मात्र वेगळं, आणि इथे त्याची किंमत तुझ्या मित्राची आई मोजेल. ट्रॉलीला मागे दिवा आणि लाल रिफ्लेक्टर असणं बंधनकारक आहे, आणि ते नव्हते. त्यामुळे तिचा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर भरपाईचा दावा उभा राहू शकतो. त्यात चालवणाऱ्याची स्वतःची चूक किती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण टक्क्यांत ठरवतं आणि तेवढी रक्कम कापतं. ‘तो सुसाट होता, मी नको म्हणत होतो, ऐकलं नाही’ असं तू खोटं सांगितलंस तर ते टक्के वाढतील. धडकेच्या आधी दिवा दिसला नाही हे पाहणारा बहुधा तू एकटाच आहेस. पंचनाम्यात ट्रॉलीच्या दिव्याची नोंद नसेल तर तुझा जबाब तिच्यासाठी फार मोलाचा ठरेल. वकिलाच्या सल्ल्याने तो नीट, जसा आठवतो तसा दे. वेग माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, अंदाज बांधू नकोस.

त्याच्या आईकडे जा. तेराव्याच्या गर्दीत किंवा चारचौघांत नको. तिच्या भरवशाचं एक माणूस आणि तुझ्याकडचं एक मोठं माणूस, एवढेच. जाण्याआधी वकिलाशी बोल, कारण पोलिसांव्यतिरिक्त कुणाजवळ दिलेली कबुली पुराव्यात येऊ शकते. गाडी कशी काढली यावर ‘केस संपल्यावर सगळं सांगेन’ असं स्पष्ट म्हणता येतं. तिचे प्रश्न बहुतेक वेगळेच असतील: तो काही बोलला का, त्याला कळलं का, तू त्याच्याजवळ होतास का, पाणी मागितलं का. ‘काय ऐकायचंय तुम्हाला, काकू?’ असं आधी विचार आणि तेवढंच सांग. जे पाहिलं नाहीस ते तिच्या समाधानासाठीही रचू नकोस. ‘काही त्रास झाला नाही त्याला’ हे वाक्य पुढे शवविच्छेदन अहवालाशी जुळलं नाही, तर तुझ्या बाकीच्या शब्दांवरचाही तिचा विश्वास जाईल. तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत दे. अर्धा तास पुरे. ती चिडली, ओरडली, तर खुलासे न करता ऐकून घे आणि ‘पुन्हा येऊ का?’ विचारून नीघ.

तूच मारलंस का? नाही. पण तुझा वाटा आहे, आणि ‘तुझी काहीच चूक नाही’ असं सांगणाऱ्यांवर तुझा विश्वास बसत नाही तो त्यामुळेच. अपराधभावाने ग्रासलेल्या माणसासोबत समुपदेशक एक कृती करतात, तीच कागद-पेन घेऊन कर. एक मोठं वर्तुळ काढ. त्या रात्रीच्या मृत्यूला ज्या ज्या गोष्टी कारणीभूत झाल्या त्या बाजूला लिही: ट्रॉलीचा दिवा, रिफ्लेक्टर न लावणारा मालक, काळोखी रस्ता, गाडीचा वेग, हेल्मेट नसणं, अनोळखी गाडीच्या ब्रेकचा अंदाज नसणं, त्याचा ‘हो’, तुझी कल्पना. मग एकेकाचा तुकडा वर्तुळात आख, पण स्वतःचा सगळ्यात शेवटी. क्रम असा उलटा ठेवायला कारण आहे. अपराधभावात बुडालेला माणूस स्वतःचा तुकडा आधी काढतो आणि त्यातच वर्तुळ भरून जातं. शेवटी काढला की तुझा तुकडा शून्य होत नाही आणि पूर्ण वर्तुळही होत नाही. जो उरेल तो तुझा. त्यासाठी न्यायालयात उभं राहायचं, गाडीच्या मालकाची माफी मागायची आणि मित्राच्या आईला उत्तर द्यायचं.

वेगाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘मी ओरडलो असतो तर’ हा विचार तुला झोपू देत नसेल. ताशी ६० वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २०-२५ मीटर लागले, म्हणजे जवळजवळ ४० मीटर झाले. मोटारसायकलच्या लो बीममध्ये न चमकणारी काळपट ट्रॉली जेमतेम तेवढ्याच अंतरावर उमटते. ताशी ९० ला हेच अंतर ७५ मीटरच्या पुढे जातं. तेव्हा ट्रॉली दिसल्यानंतर तू ओरडला असतास तरी वेळ उरलेला नव्हता. आधी ‘हळू घे’ म्हणायला वेळ होता का, हे तुलाच ठाऊक. म्हणायला हवं होतं असं वाटत असेल तर ते वर्तुळात लिही.

महिना उलटूनही धडक डोळ्यांसमोर येत असेल, ट्रॅक्टरचा आवाज आला की अंग थरथरत असेल, त्या रस्त्याने जाणं टाळत असशील, तर ही आघातोत्तर तणावाची लक्षणं आहेत आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दारूने झोप येते असं वाटतं, पण पहाटेची स्वप्नं वाढतात. ‘त्याच्याऐवजी मी जायला हवं होतं’ असा विचार येत असेल तर आजच फोन कर.

प्रश्न: डेअरीवर दूध घालायला गेलो, दोन मिनिटांचं काम म्हणून किल्ली गाडीलाच ठेवली. गावातलाच १७ वर्षांचा मुलगा गाडी घेऊन गेला आणि पुलाच्या कठड्याला धडकून गेला. पोलीस म्हणतात, अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली म्हणून तुमच्यावरही केस होईल. मी दिलेलीच नाही. आणि त्या पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

उत्तर: पोलीस म्हणतात ते मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. खरी अडचण अशी की न्यायालय सुरुवातीला मालकाची संमती होतीच असं गृहीत धरतं. ती नव्हती, किंवा आपण योग्य काळजी घेतली होती, हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून गाडी नाहीशी झाल्यापासूनचा प्रत्येक मिनिटाचा पुरावा जमवा. ११२ ला किंवा ठाण्यात फोन केला असेल तर कॉलची वेळ, डेअरीच्या मशीनवरच्या दूध पावतीची वेळ, तिथला कॅमेरा, ‘गाडी कुठे गेली’ म्हणून तुम्ही ज्यांना विचारलं ती माणसं. चोरीची तक्रार अपघाताची बातमी येण्याआधी नोंदली गेली असेल तर बाजू भक्कम. नंतर दिलेली असेल तर ‘मागाहून सुचलं’ असा आरोप होणार, तिथे दूध पावती आणि साक्षीदार कामाला येतात. कॅमेऱ्याचं चित्रण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आजच लेखी अर्ज देऊन ते जतन करायला सांगा.

विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, उशीर झाला असला तरी कळवा. पोलिसांत तक्रार वेळेत असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने चोरीचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनी दोन्ही किल्ल्या मागेल. किल्ली गाडीला होती हे लपवू नका. ते पंचनाम्यात येतंच, आणि खोटं सापडलं तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बुडेल आणि १९९ अ मधल्या तुमच्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. खरं सांगितलं तर कंपनी निष्काळजीपणा दाखवून रक्कम कापण्याचा किंवा नाकारण्याचा प्रयत्न करेल, पण त्यावर ग्राहक आयोगात भांडता येतं.

गाडी ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायची गरज नाही. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाली की न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करू अशा लेखी हमीवर, ती परत मिळते. तपासणीत ब्रेक, टायर, हेडलाइट यांची नोंद होते, ती वाचून घ्या. आधीपासून ब्रेक शू संपलेले होते का हा प्रश्न पुढे निघू शकतो.

चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही म्हणता. किल्ली ठेवणं ही तुमची चूक आहे. गावात शंभर माणसं रोज तेच करतात म्हणून ती लहान होत नाही, आणि एक मुलगा गेला म्हणून ती खुनाएवढी मोठीही होत नाही. मुलाच्या घरी जायची इच्छा असेल तर आधी दोघांच्या ओळखीच्या माणसाकरवी विचारा. गेलात तर किल्लीचं तुम्हीच बोला, त्यांना विचारावं लागू नये: ‘किल्ली काढायला हवी होती, काढली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.’ त्यापुढे ‘पण त्यानेही...’ असं सुरू करू नका. रोख पैसे हातात ठेवू नका. दावा सुरू असताना त्याचा अर्थ कबुलीपासून तोंड बंद करण्यापर्यंत काहीही लागतो.

गाडी लगेच दुरुस्त करून त्याच गल्लीतून फिरवायची की नाही, हे आईवडील कुठे राहतात ते पाहून ठरवा. बऱ्याच मालकांना हे सुचत नाही, पण ती गाडी रोज दारावरून जाताना पाहणं त्या घराला असह्य होतं.

आणि कुलपाचं बघा. जुन्या गाड्यांच्या किल्ल्या आणि कुलपाच्या आतल्या पट्ट्या इतक्या झिजतात की मिळतीजुळती किल्लीही फिरते. तुमची किल्ली गाडी चालू असताना ओढली तर निघते का? निघत असेल तर इग्निशन, टाकी आणि सीट असा पूर्ण लॉकसेट बदलून घ्या. हँडल लॉक एकटं पुरत नाही. मागच्या चाकातून आणि स्विंग आर्ममधून जाणारी साखळी किंवा डिस्क लॉक हवं. दुसरी किल्ली गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवायची सवय सोडा.

प्रश्न: माझा मुलगा वीस वर्षांचा. कुणाची तरी मोटारसायकल घेऊन निघाला, रस्त्याने चालणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना धडकला. दोघेही गेले. दहाव्याला चार माणसं आली. तोंडावर म्हणतात, करावं तसं भरावं. गाडी चोरीची होती, पण मुलगा आमचा होता, त्याच्यासाठी रडायचंही नाही का? आता न्यायालयाचं समन्स आलंय, पैसे आम्हाला भरावे लागतील का? गुरुजींच्या घरी जावं असं वाटतं. त्याचे वडील तीन महिने बोलतच नाहीत.

उत्तर: ताई, रडा. त्याने काय केलं याचा हिशोब एकीकडे आणि वीस वर्षं ज्याला वाढवलं तो गेला हे दुसरीकडे, ही दोन्ही खरी आहेत. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. ज्याच्या मरणाला लोक ‘बरं झालं’ म्हणतात त्याच्या घरच्यांचं दुःख जास्त चिघळतं, कारण आठवणी सांगायला कुणी समोर बसत नाही. भेटायला येणारी चार माणसं असतील तर त्यांच्याशी मुलाबद्दल बोला, नाव घेऊन बोला, तो काय खायचा, कशावर चिडायचा ते सांगा. त्याच्या भावंडांना शाळा-कॉलेजात काय ऐकावं लागतंय ते विचारा. त्यांना एक वाक्य ठरवून द्या, म्हणजे दर वेळी नवं उत्तर शोधावं लागत नाही: ‘झालं ते वाईट झालं, मला त्यावर बोलायचं नाही.’

समन्स मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं असेल. ते आलं म्हणजे तुम्ही आरोपी झालात असं नाही. चालवणारा हयात नसेल तर त्याचे वारस म्हणून आईवडिलांना पक्षकार करतात. तुमची जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच: त्याचं बँक खातं, त्याच्या नावावरची जमीन, त्याची गाडी. तुमची कमाई, तुमचं घर, तुमचे दागिने यात येत नाहीत. पण समन्स कपाटात टाकून देऊ नका. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल होतो आणि मग वसुलीच्या वेळी हे सगळं नव्याने सिद्ध करत बसावं लागतं. लेखी म्हणणं द्या, त्यात त्याच्या नावावर काय होतं आणि काय नव्हतं ते लिहा, खातेउतारा जोडा. महिला म्हणून तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. फौजदारी प्रकरणात आरोपी मयत म्हणून पोलीस ‘अबेटेड समरी’ (प्रकरण संपल्याचा अहवाल) पाठवतात. तिची नक्कल घ्या, दाव्यात लागते.

गुरुजींच्या घरी एकदम जाऊ नका. त्यांच्या दारात तुम्ही अचानक दिसणं हा त्यांच्यासाठी दुसरा धक्का ठरू शकतो. आधी निरोप किंवा छोटं पत्र, दोन्ही घरांचा मान असलेल्या माणसाच्या हाती. पत्रात चार ओळी पुरतात: आमच्या मुलामुळे तुमचे वडील गेले. याचं आम्हाला अतोनात दुःख आहे. तुम्हाला कधी आम्हाला काही विचारायचं, सुनवायचं असेल तर आम्ही येऊ. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. ‘माफ करा’ ही मागणी त्यात नको. माफ करायचं की नाही याचं ओझं त्यांच्यावर टाकू नये. आपला मुलगा किती गुणी होता, संगत कशी वाईट लागली, हेही नको. पाठवण्याआधी पत्र वकिलाला दाखवा. पैशांचा विषय पत्रातही नको आणि भेटीतही नको, तो न्यायाधिकरणासमोर होईल. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नका.

आता तुमच्या मुलाच्या वडिलांबद्दल. तीन महिने गप्प असणं हे एकट्याने आजाराचं लक्षण नव्हे. पुरुषांचा शोक पुष्कळदा कामात, चिडण्यात किंवा मौनात दिसतो. पण जेवण, झोप, काम तिन्ही सुटलंय का? ‘मी त्याला नीट वळण लावलं नाही’ असं एकच वाक्य येतंय का? सामान वाटून टाकणं, कर्जाची कागदपत्रं नीट लावून ठेवणं, असं काही दिसतंय का? दिसत असेल तर थेट विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा, कुलपाची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन करा किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. नातेवाईक आणून देतात त्या झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आठवडेच्या आठवडे घेतल्या तर सवय लागते आणि शोक आहे तिथेच राहतो.

शोकाला मुदत नसते, पण सहा महिने ते वर्ष होऊनही ओढ आणि वेदना रोज तितकीच तीव्र असेल, जगण्यात काही अर्थ वाटत नसेल, घराबाहेरचं सगळं तुटलं असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. २०२२ पासून तो जागतिक आजारसूचीत स्वतंत्रपणे नोंदला जातो आणि त्यासाठी खास बोलण्याचे उपचार आहेत. ‘वर्ष झालं, आता सावर’ म्हणणाऱ्यांपेक्षा तिथे जाणं उपयोगाचं.

प्रश्न: माझ्या ६३ वर्षांच्या वडिलांना चोरीच्या मोटारसायकलने उडवलं. चालवणारा मुलगाही गेला. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, चोराने केलेल्या अपघाताचे पैसे आम्ही देत नाही. पाच महिने होत आले. लोक म्हणतात, तोही पोरगा गेला, सोडून द्या.

उत्तर: पाच महिने झाले असतील तर आधी दावा दाखल करा, बाकीचं मग. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा प्रतिवादी जिथे राहतात, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

कंपनीचा माणूस तोंडी म्हणाला त्यावर जाऊ नका. तिसऱ्या माणसाचा विमा मुळात रस्त्यावरच्या माणसासाठीच असतो. अटींचा भंग मालकाने स्वतः, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केला हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, नुसता चालकाकडे परवाना नव्हता हे पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलं आहे. चोरीच्या गाडीत मालकाची जबाबदारी किती, यावर प्रसंगानुसार वेगवेगळे निकाल लागतात. किल्ली गाडीला होती का, कुलूप तोडलं होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून चालकाचे वारस, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करा. एकाला वगळलं तर उरलेले दोघे त्याच्याकडे बोट दाखवतात.

दोन रस्ते आहेत. कलम १६४ खाली कुणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख. कलम १६६ खाली चूक सिद्ध करून प्रत्यक्ष नुकसानीइतकी रक्कम. ६१ ते ६५ वयासाठी गुणक ७ आहे. वार्षिक पेन्शन किंवा उत्पन्नातून त्यांचा स्वतःचा खर्च, साधारण एक तृतीयांश ते निम्मा, वजा करून त्याला ७ ने गुणतात. त्यात अंत्यविधी आणि वारसाहक्काची हानी यांचे प्रत्येकी १५ हजार, सहवासहानीचे प्रत्येक वारसाला ४० हजार, आणि या रकमांवर २०१७ पासून दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. वडिलांची पेन्शन कमी असेल तर १६४ जास्त फायद्याचं निघू शकतं. वकिलासमोर दोन्ही आकडे कागदावर मांडून मगच ठरवा.

कागद: प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, पेन्शनचा पासबुक उतारा, वारसांची ओळखपत्रं, गाडीच्या विम्याची प्रत. तपास अधिकाऱ्याने अपघाताचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तुमच्या प्रकरणात तो गेला का ते ठाण्यात लेखी विचारा. बऱ्याचदा गेलेला नसतो, आणि विम्याची प्रत त्याच फाइलमध्ये अडकलेली असते. ‘इतके टक्के द्या, सगळं करून देतो’ म्हणणारा एजंट रुग्णालयापासून मागे लागतो. भरपाईच्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलालाही चालत नाही.

दावा लावणं म्हणजे सूड नव्हे. तो मुलगा गेला याचं तुम्हाला वाईटही वाटेल आणि त्याचा संतापही येईल, कधी एकाच दुपारी. माफ करायलाच हवं असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि दावा दाखल करा.

प्रश्न: आमच्या शाळेतला अकरावीचा मुलगा अशाच अपघातात गेला. मुलं त्याचे गाडीवरचे रील ‘किंग’ म्हणून फिरवताहेत. वर्गात काय बोलू? (वर्गशिक्षिका)

उत्तर: पहिल्याच तासाला बोला, सगळ्यांना एकदम नको, वर्गावर्गात बोला. जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगा: तो गेला, अपघातात गेला, गाडी त्याची नव्हती. वेगाची, जखमांची वर्णनं नकोत. रील बंद करा असा हुकूम सोडलात तर ते दुसऱ्या ग्रुपवर जातील. जवळच्या तीन-चार मित्रांना वेगळं बसवून सांगा की हे त्याची आईही पाहते आहे, आणि आठवणीसाठी गाडीशिवायचे फोटो निवडायला त्यांनाच सांगा. त्या रात्री त्याच्यासोबत कोण होतं, कुणाला आधी माहीत होतं, हे वर्गात विचारू नका. तो तपासाचा भाग आहे आणि १८ खालच्या मुलांची नावं बाहेर येऊ देणं कायद्याने गुन्हा आहे. ज्याला आधी माहीत होतं तो बहुधा आपणहून येईल, शाळा सुटल्यावर रेंगाळेल. त्याला घरी एकटं पाठवू नका, पालकांना बोलवा. गेलेल्या मुलाचा बाक लगेच हलवू नका. आठवड्याभराने मुलांना विचारून ठरवा.